सतरा नंबरची केळ

मे १९९८. या महिन्यात अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका लहानशा प्रयोगाचा अहवाल छापून आला: जनुकबदल केलेले कच्चे बटाटे अकरा निरोगी माणसांनी खाल्ले आणि त्यांपैकी दहा जणांच्या रक्तात, बटाट्यात मुद्दाम तयार करवलेल्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे चौपट किंवा त्याहून अधिक वाढली.

ते प्रथिन जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचे होते, विषाणूचे नव्हते. शिवाय, प्रतिपिंडे वाढणे म्हणजे रोग टळणे नव्हे. बातमी वर्तमानपत्रांत पोहोचेपर्यंत हे दोन्ही फरक गळून पडले होते. बेंगळुरूबाहेर, बोम्मसंद्र्याच्या पुढे, होसूर रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका संशोधनसंस्थेच्या भिंतीवर त्या बातमीचे कात्रण चिकटवलेले होते. भिंतीपलीकडच्या जाळीघरात काळ्या पिशव्यांमध्ये बावीस केळी उभ्या होत्या. प्रत्येकीत 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूचे एक जनुक घातले होते. हेतू असा की, पुढेमागे त्या झाडाचे फळ खाऊनच मुलांना लस मिळावी.

त्या बावीस केळी ज्यांच्या ताब्यात होत्या, त्या गुंडोजीराव लाड यांच्याविषयी हे लिहिले आहे. आधार तीन: जाळीघराची नोंदवही, संस्थेचे काही कागद, आणि जानेवारी ते मे १९९९ या काळात चार व्यक्तींशी झालेली बोलणी. संस्थेचे नाव न देण्याच्या अटीवर कागद पाहायला मिळाले.

गुंडोजीराव तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांचे घराणे बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहे, हे त्यांना सांगता येत नाही. 'आम्ही हितलेच' एवढेच ते म्हणतात. घरात मराठी, गल्लीत कानडी, आणि लिहिणे असेच की मराठी शब्द कानडी अक्षरांत. नोंदवही वाचायला म्हणूनच वेळ लागला. संस्थेत सगळे त्यांना गुंडण्णा म्हणत. एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीतली बाग सांभाळून ते १९९४ साली इथे आले. रोज सकाळी साडेसातला ते जाळीघराचे कुलूप काढत, प्रत्येक केळीच्या खोडाला तारेने बांधलेला अॅल्युमिनियमचा बिल्ला बोटाने चाचपत, मोठ्याने आकडा म्हणत आणि मगच वहीत लिहीत. नियम एकच होता, पण कडक: जाळीघरातले पानसुद्धा बाहेर जायचे ते वाफेच्या भट्टीत शिजूनच. ते किती वाजता शिजले, हेही वहीत येई. चार वर्षांच्या वहीत एकही आकडा खोडलेला नाही.

दरवर्षी दोन ओळी मात्र कोऱ्या आहेत. त्याचे कारण आयुधपूजा. खंडेनवमीला बेंगळुरूत कारखान्यातली लेथ यंत्रे थांबतात, रिक्षांना हार पडतात, फाटकांना आणि बसना केळी बांधल्या जातात, गाड्यांच्या चाकांखाली लिंबे चिरडली जातात आणि फाटकावर कोहळे फुटतात. जे ज्याचे हत्यार, ते त्या दिवशी देवीपुढे ठेवायचे आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गुंडण्णांची हत्यारे चार होती: विळा, छाटणीची कात्री, जाळीघराचे कुलूप किल्ल्यांसकट, आणि नोंदवही. कुलूपही ते पूजेला ठेवत. अर्थात त्या दोन दिवसांपुरते जाळीघर उघडे राही. चार वर्षे कुणाला यात काही वावगे दिसले नव्हते, कारण त्या दिवशी संस्थेतल्या प्रयोगशाळेचे दारही उघडेच असे. सूक्ष्मदर्शकालाही कुंकू लागे.

आता ऑगस्ट १९९८ कडे वळावे लागेल. गुंडण्णांची एकुलती एक मुलगी कल्पना राजाजीनगरात त्यांच्याबरोबरच राहत होती; नवरा गुजरातेत नोकरीला. ती सहा महिन्यांची गर्भवती असताना दवाखान्यात तिचे रक्त तपासले गेले आणि 'ब' काविळीचा विषाणू सापडला. तिला त्रास काहीच नव्हता. गुंडण्णांची पत्नी प्रेमा १९८९ साली यकृताच्या आजाराने गेली होती. दाखल्यावर विषाणूचा उल्लेख नाही, त्यामुळे आईकडूनच मुलीकडे आला असे ठामपणे म्हणता येत नाही. गुंडण्णांच्या मनात मात्र शंका नव्हती. प्रेमाकडून कल्पनाकडे आला, कल्पनाकडून बाळाकडे जाणार.

प्रयोगशाळेत मुग्धा ही नागपूरहून आलेली संशोधक विद्यार्थिनी केळींच्या पानांत ते प्रथिन उतरले आहे का, हे तपासत असे. एका सकाळी ती नमुन्यासाठी पान कापत असताना गुंडण्णांनी तिला विचारले. संवाद दोघांनीही वेगवेगळा सांगितला, पण शब्द जवळपास सारखेच आहेत.

"मुग्धाक्का, हे पान खाल्लं तर काय होतं हो?"

"काय होणार? आपण बकरी आहोत हे सिद्ध होतं."

"मस्करी नको. औषध उतरलंय का ह्यात?"

"एकवीस झाडांत नाही. सतरा नंबरमध्ये एकदा रंग आला चाचणीला, पिवळा. एकदाच. तो खरा की माझ्या हाताची चूक, मलाच माहीत नाही."

"मग सतरावीचं खाल्लं तर?"

मुग्धाने कात्री खाली ठेवली. "अण्णा, कुणाला द्यायचंय?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला दवाखान्याचा कागद काढून दिला. तिने तो वाचला, आणि झाडाचा या कामी काहीही उपयोग नाही, आजही नाही आणि आणखी पाच वर्षांनीही बहुधा नसेल, असे स्पष्ट सांगितले. मग कागद घेऊन ती प्रकल्पप्रमुखांकडे गेली.

डॉ. शरच्चंद्र मूळचे पुण्याचे. त्यांनी गुंडण्णांना समोर बसवून समजावले. बाळ जन्मल्यापासून बारा तासांच्या आत दोन सुया दिल्या पाहिजेत. एक लशीची, ती बेंगळुरूत मिळते. दुसरी तयार प्रतिपिंडांची. ती सहज मिळत नाही, थंडीत जपावी लागते. "ती मी मुंबईहून मागवतो. तुम्ही त्याची काळजी करू नका, गुंडोजी." बाळ नोव्हेंबरच्या मध्यावर अपेक्षित होते. त्या दिवसापासून गुंडण्णांच्या सगळ्या हिशेबात एकच गोष्ट उरली: ती दुसरी सुई.

३० सप्टेंबरला, बुधवारी, आयुधपूजा झाली. वहीवर कुंकवाचे बोट उमटलेले आजही दिसते. गुरुवारी दसरा, शुक्रवारी गांधीजयंती, त्यानंतर शनिवार-रविवार; संस्था चार दिवस बंद होती. सोमवारी, ५ ऑक्टोबरला, जैवसुरक्षा समितीचे तीन सदस्य तपासणीला येणार होते.

शुक्रवारी सकाळी गुंडण्णा पाणी घालायला आले, त्यांनी पूजेतली वही उचलली आणि मोजायला सुरुवात केली. सोळापर्यंत बोट नेहमीसारखे चालले. त्यापुढे बोटाला बिल्ला लागला नाही. सतरा नंबरच्या पिशवीत वीतभर खुंट उभा होता. वरचे छातीएवढे झाड, पाने आणि बिल्ला यांचा पत्ता नव्हता. काप एका घावाचा, स्वच्छ.

त्यांनी आधी खुंटाकडे नीट पाहिले. केळ कापली की तिचे मधले कोवळे सुरळीसारखे पान थांबत नाही, ते कापातून वर सरकत राहते. गुंडण्णांनी त्यावर बोटे आडवी धरली: चार. पिशवीतली केळ या हवेत दिवसाला दोन बोटे चढते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे झाड बुधवारी कापले गेले; कुलूप देवीपुढे होते त्या दिवशी.

समितीची तयारी करायला मुग्धा आली होती. तिने खुंट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"सतराच? बावीसातलं नेमकं सतरा?"

"होय की."

"अण्णा, तुम्ही..." एवढे बोलून ती थांबली.

"मी काय?"

"काही नाही."

"बोला की अक्का. मी घरी नेलं, असंच ना?"

मुग्धाने नाही म्हटले नाही. हे तिने स्वतःहून सांगितले, आणि ते सांगताना ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती.

शनिवारी डॉ. शरच्चंद्र आले. त्यांनी आवाज चढवला नाही. सतराव्या केळीत एकदा रंग आला हे किती जणांना माहीत होते, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर होते, तिघांना, आणि ते तिघेही त्या खोलीत होते. फाटकावर बांधलेल्या केळींबद्दल संस्थेच्या बसचा चालक शेषगिरी याला फोन करून विचारले. पूजेची सजावट दरवर्षी तोच करी. त्याने सांगितले, चारच केळी होत्या, त्या आपण सिटी मार्केटातून आणल्या. फाटकाशी गळून पडलेले चार बुंधे सापडले, चारही जाडजूड, बाजारी. म्हणजे सतरावी तिथे नव्हती.

"गुंडोजी, मला खरं सांगा. मी रागावणार नाही. कल्पनाला काही दिलंत का?"

"नाही, सर."

"शपथ नको. नुसतं सांगा."

"नुसतंच सांगतोय."

त्या दिवशी गुंडण्णा संध्याकाळपर्यंत संस्थेच्या आवारात फिरले: खताचा खड्डा, गटार, जळाऊ कचऱ्याचा ढीग. बिल्ला शोधायचा होता. झाड कुजते, खाल्ले जाते. पण अॅल्युमिनियम कोणी खात नाही. बिल्ला जिथे सापडेल तिथे झाड गेले होते, हा त्यांचा तर्क. संशोधकाच्या दृष्टीनेही त्यात खोट काढता येत नाही.

रविवारी सकाळी त्यांना बस आठवली. संस्थेची बस सुट्टीत शेषगिरीच्या घरासमोर उभी असे, आणि शेषगिरी राजाजीनगरातच, गुंडण्णांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होता. बसच्या कपाळावर वाळलेला झेंडू होता. पुढच्या बंपरच्या डाव्या टोकाला सुतळीत जाड केळीचा तुकडा अडकला होता. उजव्या टोकाला सुतळीचे नुसते वेटोळे, आणि त्यात गुरफटलेली तार. तारेला बिल्ला. सतरा.

शेषगिरी अंगणात दात घासत होता. गुंडण्णांनी तळहातावरचा बिल्ला त्याच्यापुढे धरला. दोघे कानडीत बोलले. इथे मराठीत देतो.

"हे काय आहे?"

"अय्यो, गुंडण्णा! सकाळी सकाळी नाणं काय दाखवता?"

"शेषगिरी, मस्करी करशील तर आज मी तुला मारेन."

त्याने चूळ भरली. मग म्हणाला, "पाच आणल्या होत्या. चार फाटकाला गेल्या. बसला एकच उरली. एका बाजूला केळ, दुसरी बाजू बोडकी. बरं दिसतं का? जाळीघर उघडं होतं. इतकी झाडं! त्यात एक स्वल्प बारीक घेतली."

"दारावरची मनाईची पाटी?"

"इंग्लिश आहे, अण्णा. तुम्हाला तरी येते का वाचता?"

"मग काल फोनवर चार म्हणून का सांगितलंस?"

"त्यांनी फाटकाचं विचारलं. बसचं कुठं विचारलं?"

"झाड कुठं गेलं?"

"गाईनं खाल्लं. दसऱ्याला दुपारी."

"कुणाची गाय?"

"तिला नाव-गाव विचारायचं राहिलं." मग गुंडण्णांचा चेहरा पाहून तो जरा गंभीर झाला. "खरं सांगू? गाय बुंधा चघळत होती. पानं तेव्हाच नव्हती. सणाचं जेवण होतं, कुणीतरी कापून नेली असतील. बरं, एवढं काय? त्यात विष आहे का?"

विष नव्हते. नेमके काय होते, हेही कुणाला ठाऊक नव्हते. गुंडण्णा गल्लीतल्या नऊ घरांच्या दारात गेले. दसऱ्याला कुठल्या पानावर जेवलात, हा प्रश्न त्यांनी आठ वेळा विचारला. लोक हसले. सात घरांनी बाजारातले पान म्हणून सांगितले, एका घरी ताटे होती, एक घर बंद. गाईंचे गोठे त्या भागात दोन. दोन्ही मालक आपली गाय बांधलेली होती असे म्हणाले, आणि दोघांच्याही गाई त्या वेळी रस्त्यावर मोकळ्या होत्या.

बिल्ला खिशात घेऊन ते दुपारी संस्थेत पोहोचले. डॉ. शरच्चंद्रांनी टेबलावर नोंदवही उघडून ठेवली होती. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर या दोन ओळी कोऱ्या. पुढे जे झाले ते गुंडण्णांनी मला दोनदा सांगितले, आणि डॉ. शरच्चंद्रांनी ते नाकारलेले नाही.

"इथे एक ओळ लिहायची," ते म्हणाले. "तीस तारखेला सतरा नंबर चाचणीसाठी कापले, उरलेले भट्टीत नष्ट केले. बस. खुंट तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याच दिवसाचा आहे. कुणी काही विचारणार नाही."

"मी त्या दिवशी वहीला हात लावत नाही, सर."

"हे समितीला कुठे माहीत आहे?"

गुंडण्णांनी उजवा हात खिशात घातला.

"गुंडोजी, झाड बाहेर गेलं असं निघालं तर हा प्रकल्प उद्या बंद होईल. बावीस झाडं, माझी सहा वर्षं, मुग्धाचा प्रबंध. तुमची नोकरी तर जाईलच." मग थोड्या वेळाने, वहीकडेच पाहत: "कल्पनाच्या सुईचं माझ्या लक्षात आहे."

त्यांनी पेन पुढे केले. गुंडण्णांचा उजवा हात खिशात होता, बिल्ल्यावर. त्यांनी तो काढला नाही. "उद्या लिहितो," एवढे म्हणून ते बाहेर पडले. "त्या वेळी पेन घेतलं असतं तर लिहूनच टाकलं असतं," असे ते पुढे म्हणाले. "म्हणून हातच काढला नाही."

सोमवारी दहा वाजता समिती आली. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी झाडे मोजली, खुंटापाशी थांबल्या आणि वही मागवली. दोन कोऱ्या ओळींवर त्यांचे बोट टेकले. डॉ. शरच्चंद्र म्हणाले, नोंद राहून गेली आहे, गुंडोजी आत्ता भरतील. अध्यक्षांनी वही गुंडण्णांकडे सरकवली.

गुंडण्णांनी खिशातला बिल्ला काढून कोऱ्या ओळीवर ठेवला.

समितीच्या इतिवृत्तात पुढची प्रश्नोत्तरे इंग्रजीत आहेत. मुग्धाने त्या वेळी दुभाषाचे काम केले होते. झाड कुणी नेले? संस्थेच्या माणसाने, न समजून. दार का उघडे होते? कुलूप पूजेला ठेवले होते. कुलूप? होय, ते माझे हत्यार आहे. या उत्तरावर एक सदस्य हसल्याची नोंद आहे. झाड शेवटी कुठे होते? राजाजीनगरात. तुम्ही कुठे राहता? राजाजीनगरात. किती अंतरावर? दोन गल्ल्या.

"तुमची मुलगी गर्भवती आहे, असे आम्हाला कळले."

मुग्धाने हे मराठीत केले. ते समितीला कुणी कळवले, हे इतिवृत्तात नाही.

"आहे," गुंडण्णा म्हणाले.

आपण लिहून मोकळे का झाला नाहीत, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "भट्टीत गेलं असं लिहिलं असतं, तर मग त्या गल्लीत विचारायला कोण गेलं असतं? नऊ घरं मी फिरलो. दहावं बंद होतं की."

घरे नऊच होती. बंद असलेले नववे. ते मोजताना चुकले, असे त्यांच्या बाबतीत एवढ्या एकाच वेळी आढळले.

समितीचा आदेश दुसऱ्या दिवशी आला. एकवीस झाडे आणि सतराव्याचा खुंट मुळासकट भट्टीत घालून नष्ट केले गेले. तोवर खुंटातून हिरवी सुरळी वीतभर चढली होती. तिचे एक पान चाचणीसाठी ठेवू द्यावे, ही मुग्धाची लेखी विनंती नाकारली गेली. प्रयोगशाळा, शीतगृहासह, सील झाली. गुंडण्णांना महिन्याच्या नोटिशीऐवजी त्याच आठवड्यात कामावरून कमी केले. शेषगिरीला ताकीद मिळाली. गाईचा हिशेब कुणी मागितला नाही. त्या गल्लीची चौकशी करण्याची शिफारस इतिवृत्तात आहे, चौकशी झाल्याचा कागद मात्र मला सापडला नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे गुंडण्णांनी डॉ. शरच्चंद्रांना एकदाही फोन केला नाही. "तोंड नव्हतं," असे ते म्हणतात. कल्पनाने सांगितले की, अप्पा रोज सकाळी साडेसातला उठून अंगणातल्या कुंड्या मोजत.

बाळ लवकर आले. २९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे, मुलगी. लशीची सुई तासाभरात दिली गेली. डॉक्टरांनी विचारले, दुसरी कुठे आहे? बारा तास म्हणजे संध्याकाळचे सहा दहा. शहरातल्या चार मोठ्या औषधदुकानांत ती नव्हती. साडेनऊला गुंडण्णांनी दवाखान्यासमोरच्या टेलिफोन बूथवरून संस्थेत मुग्धाला फोन लावला.

"मुग्धाक्का, मी मागायला नको, पण..."

"अण्णा, औषध आलंय," ती म्हणाली. "वीस तारखेलाच आलंय. पण ते शीतगृहात आहे. आणि शीतगृहाला सील आहे."

औषधाचे खोके आले तेव्हा ठेवायला दुसरी थंड जागा नव्हती. सुरक्षा अधिकाऱ्याने सौजन्य म्हणून सील काढून खोके आत ठेवू दिले होते आणि पुन्हा नवे सील लावले होते. आता तोच अधिकारी रजेवर होता. बदलीवरचा अधिकारी म्हणाला, संचालकांच्या लेखी परवानगीवाचून सील निघणार नाही. संचालक दिल्लीत होते. डॉ. शरच्चंद्रही तिथेच, प्रकल्पाच्या सुनावणीसाठी. मुग्धाने दिल्लीला फॅक्स केला आणि यंत्रापुढे उभी राहिली. बारा वाजले. एक वाजला. शेषगिरी जीप सुरू करून बाहेर थांबला होता. दीडच्या सुमारास तो आत आला.

"मुग्धाक्का, कुलूप मी तोडू का? मला एवीतेवी ताकीद आहेच."

"नको. एकदा झालं तेवढं पुरे."

"तेव्हा उघडं होतं म्हणून चूक. आता बंद आहे तरी पंचाईत. तुमच्या विज्ञानाला नक्की काय पाहिजे?"

ती त्याच्यावर ओरडली, हे तिला आठवते. काय ओरडली ते आठवत नाही. दोन पन्नासला यंत्रातून कागद आला: संचालकांची परवानगी, खाली डॉ. शरच्चंद्रांची सही. सील काढून खोके बर्फाच्या थर्मासमध्ये घालेपर्यंत तीन वाजून गेले. बोम्मसंद्र्याहून राजाजीनगर म्हणजे शहराचे एक टोक ते दुसरे. मुग्धा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. सिल्क बोर्डाच्या चौकात जीप बावीस मिनिटे अडकली. शेषगिरीने हॉर्नवरचा हात उचलला नाही.

दवाखान्याच्या पायरीवर गुंडण्णा उभे होते. मुग्धाने थर्मास आत नेला. परिचारिकेच्या कागदावर सुईची वेळ आहे: चार पन्नास. म्हणजे जन्मापासून दहा तास चाळीस मिनिटे.

आणखी एक कागद मला मार्चमध्ये सापडला. औषध मागवणारा, मुंबईला पाठवलेला फॅक्स, डॉ. शरच्चंद्रांच्या सहीचा. त्यावर यंत्राने छापलेली तारीख आहे: ३ ऑक्टोबर, शनिवार. वही उघडून त्यांनी पेन पुढे केले तो रविवार. म्हणजे सुईची आठवण करून देताना ती त्यांनी आधीच मागवलेली होती. मी त्यांना हे दाखवले. त्यांनी कागद परत दिला. "हे त्यांना सांगू नका," ते म्हणाले. "मी ते वाक्य बोललो, हे खरंच आहे." त्यांची विनंती मी पाळलेली नाही, गुंडण्णांना सांगितले. "मला त्या दिवशी कळलं असतं तर?" असे म्हणून ते थांबले, आणि वाक्य पुरे झाले नाही.

गुंडण्णा आता एका रोपवाटिकेत काम करतात. केळीला ते हात लावत नाहीत, एवढे मालकाला सांगून ठेवले आहे.

हे जून १९९९ मध्ये लिहीत आहे. जे कळलेले नाही ते असे. सतरा नंबरच्या केळीत विषाणूचे प्रथिन खरोखर उतरले होते का, हे माहीत नाही. चाचणीला रंग एकदाच आला, आणि पुन्हा तपासण्यासारखे काही शिल्लक नाही. बुंधा कोणत्या गाईने खाल्ला, हे माहीत नाही. पाने कुणी नेली, हे माहीत नाही. कल्पनाला मी सरळ विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "कच्चं पान कोण खाईल? तुरट लागतं." हे तिने चाखून सांगितले की सगळ्यांना ठाऊक असते तसे सांगितले, याचा निर्णय मला करता आलेला नाही. बाळाच्या रक्ताची तपासणी वर्ष पुरे झाल्यावर व्हायची आहे. दोन्ही सुया वेळेत मिळाल्या. त्या उपयोगी पडल्या की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही.